आप्पांच्या शेजारची सीट

अल्लाउद्दीनचा फोन आला तेव्हा झुंबरबाई कडाकण्या तळत होत्या. हात पिठाचे, म्हणून अनुजानं फोन त्यांच्या कानाला लावून धरला. "व्हय", "बरं", "आदी पोरीकडं बघा" एवढंच त्या बोलल्या. फोन बंद झाला तरी झारा हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. कढईतली कडाकणी लाल झाली, मग काळी झाली. सासूबाईंच्या हातून काही जळलेलं अनुजानं लग्न झाल्यापासून पाहिलं नव्हतं.

"काय झालं, आई?"

"अल्लाउद्दीनभावजी येत न्हाईत. त्येंच्या पोरीला, नजीराला, कबनूरला दवाखान्यात घातलंय. आज-उद्यात बाळंत व्हईल." त्यांनी गॅस बारीक केला. "म्हंजे आज ह्यास्नी एकट्यालाच जायाला लागतंय."

"एकटे कुठं? मोना हाय, राजवीर हाय."

"त्येच की," झुंबरबाई म्हणाल्या आणि जळकी कडाकणी उचलून बाजूला टाकली.

इंगवल्यांच्या घरात खंडेनवमीचा दिवस ठरलेला होता. सकाळी अंगणात सगळ्या गाड्या धुऊन उभ्या करायच्या, आप्पांनी पूजा करायची, चाकाखाली लिंबू ठेवायचं, आणि मग आप्पांनी आपली जुनी जीप काढून नातवंडांना कोडोलीला न्यायचं. तिथं शेतातल्या अवजारांची पूजा. शेजारच्या सीटवर अल्लाउद्दीन. आप्पा म्हणजे गुंडू इंगवले ड्रायव्हर आणि अल्लाउद्दीन क्लीनर, ही जोडी कोडोलीच्या लाइनीवर एके काळी एस.टी.पेक्षा जास्त भरवशाची समजली जायची. दोघांचं वडाप, म्हणजे जीपमध्ये शिटा भरून न्यायचा धंदा, बंद झालं, पोरं मोठी झाली, शिवाजी पेठेतनं रिंगरोडच्या कॉलनीत घर आलं, पण खंडेनवमीला ती दोन म्हातारी त्या जीपमध्ये आपापल्या जागेवर बसली नाहीत असं कधी झालं नव्हतं.

त्यात भिण्यासारखं काय आहे, हे अनुजाला कळेना. आप्पा मोनाला रोज क्लासला सोडत होते. मग सासूबाईंच्या हातून कडाकणी का जळली?

---

बाहेर अमरसिंह गाड्यांच्या रांगेकडे समाधानानं बघत होता. या घरात ज्याला मिशी फुटली त्याला गाडी मिळाली, असं पाहुणे चेष्टेनं म्हणायचे आणि अमरसिंहला ती चेष्टा मनापासून आवडायची. आप्पांची जीप, त्याची स्वतःची पांढरी गाडी, धाकट्या विश्वजितची निळी, शिवाय दोन स्कूटर. एक स्कूटर घेऊन त्याची बायको अंबाबाईला ओटी भरायला गेली होती. स्पेअर पार्ट्सचं दुकान चालवणाऱ्याच्या दारात गाड्या नसतील तर कुणाच्या असणार?

आप्पा हळदीकुंकवाचं ताट घेऊन पुढं सरकत होते. धोतर नेसलेले, ताठ, पंच्याहत्तरीतही पाठीला बाक नाही. जीपवर स्वस्तिक काढलं, हार घातला. विश्वजितच्या गाडीवर काढलं. मग रांग संपली तिथून तसेच फाटकाबाहेर गेले आणि समोरच्या बंगल्याच्या दारात उभ्या असलेल्या चंदेरी गाडीवर मोठं, सुबक स्वस्तिक काढून अमरसिंहच्या गाडीचा हार तिला घातला.

विश्वजित हसायला लागला. "आप्पा, समोरच्यांच्या पावण्यांची हाय ती गाडी."

आप्पा क्षणभर थांबले. बोटं कुंकवात तशीच.

"म्हाईत हाय," ते म्हणाले. "त्यांच्या गाडीनं काय पाप केलंय?"

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं अमरसिंह हसला, आणि तो का हसला हे त्यालाच ठाऊक होतं. श्रावणात एका संध्याकाळी आप्पांनी जीप फाटकाच्या खांबाला घासली होती. नवीन बंपर त्यानं दुकानातूनच आणून गुपचूप बसवला आणि घरी सांगितलं, ट्रक घासून गेला. सांगितलं आणि स्वतःच त्यावर विश्वास ठेवला. कारण विश्वास ठेवला नसता तर पुढचा प्रश्न होता, की मोनाला क्लासला कोण सोडणार? संध्याकाळी दुकान भरलेलं असतं. बायकोची शाळा उशिरा सुटते. रिंगरोडची बस बंद झाली तेव्हा तर कॉलनीत कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

अनुजा कडाकण्यांचं ताट घेऊन बाहेर आली तेव्हा ती हसत नव्हती. ती समोरच्या गाडीच्या गळ्यातला हार बघत होती. अमरसिंहला तिचं ते बघणं आवडलं नाही, म्हणून त्यानं विषय काढला. गौरीच्या जेवणात या विषयावरून ताटं तशीच राहिली होती, तरी काढला.

"अनुजा, दसरा झाला की सुनावणी हाय. ध्यानात हाय न्हवं?"

"माझ्याच टेबलावरनं गेलंय ते, दादा."

अनुजा महापालिकेच्या वाहतूक कक्षात इंजिनीअर होती. रिंगरोडच्या दोन्ही कडांचं पार्किंग काढायचं, एक पट्टा बससाठी राखायचा, फुटपाथ रुंद करायचा आणि दर थोड्या वेळानं बस सोडायची, हा आराखडा तिच्या कक्षानं केलेला. आणि दुकानासमोर गाड्या लागल्या नाहीत तर गिऱ्हाईक येणार नाही, म्हणून त्याच रस्त्यावरच्या व्यापाऱ्यांना हरकतीसाठी गोळा करणारा तिचा थोरला दीर. एकाच घरात एकाच आमटीवर जेवणारी ही दोन माणसं गौरीपासून एकमेकांशी बेतानंच बोलत होती.

"आमच्याकडनं आप्पा बोलणार हाईत," अमरसिंह म्हणाला. "सगळ्यांचं ठरलंय. ह्या वयाचा मानूस उभा राहून म्हनला, की मी रोज गाडी चालवतो, माझं गाडीबिगर हालत न्हाय, मला बशीत कोंबू नका, तर तुझ्या साहेबाचं तोंड गप हुतंय."

"आप्पांना विचारलंय?"

"विचारायचं काय त्यात? गुंडू ड्रायव्हरला कोन वळखत न्हाय? विश्वा, सांग की हिला."

विश्वजित रुमालानं आपल्या गाडीचा आरसा पुसत होता. तो नेहमीच काहीतरी पुसत असे. बायको एका बाजूला आणि भाऊ दुसऱ्या बाजूला उभा राहिला की त्याच्या हाताला हमखास काम लागायचं. शिवाय आज त्याच्या मनात आणखी एक गोष्ट होती. आप्पांच्या डोळ्यांत घालायचे थेंब दर महिन्याला तोच आणत होता. कशाचे, हे त्यानं दुकानदाराला विचारलं नव्हतं आणि बाटलीवरचं वाचलंही नव्हतं.

"पूजा तर होऊ दे," तो म्हणाला.

---

झुंबरबाईंनी अनुजाला हाक मारून परत आत नेलं आणि स्वयंपाकघराचं दार लोटलं. बोलावं की नाही, हे त्यांनी अजून ठरवलं नव्हतं. संसारात त्यांनी नवऱ्याच्या पुष्कळ गोष्टी झाकल्या होत्या. तंबाखू, रागात सोडलेली भाडी, एकदा पोलिसाशी केलेली मारामारी. ही गोष्टही झाकून निभेल असं त्यांना वाटलं होतं, कारण झाकायला अल्लाउद्दीन होता.

"त्यास्नी दिसत न्हाय गं," त्या एकदम म्हणाल्या. बोलल्यावर त्यांना पाट ओढून खाली बसावं लागलं.

"म्हणजे?"

"काचबिंदू. गेल्या साली डाक्टर बोल्ला. कडंचं कायच दिसत न्हाय आन् समोरचं धुरकट. पेपर डोळ्याला लावून वाचत्यात, तुमास्नी वाटतंय झ्याक हाय. डाक्टरनं चाक बंद कराय सांगितलंय."

अनुजाला आधी रागच आला. मग तिला आपल्या राजवीरची आठवण झाली. "आणि कोडोली? गेल्या वर्षी कोडोलीला गेले की पोरं घेऊन."

"अल्लाउद्दीनभावजी सांगत्यात. बाजूला बसून. म्हस आली, मोटार आली, वळान आलं. ह्यांचं पाय नि हात हुशार हाईत, डोळं त्येंचं. लोकास्नी वाटतंय दोगं म्हातारं गप्पा मारत चाललेत." झुंबरबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "तुला वाटंल, म्हातारीनं पोरांचा जीव धोक्यात घातला. घातलाच की. पर चाक सोडलं की ह्यो मानूस संपला. ह्या रिंगरोडला हाय काय? दळन आनायचं तरी गाडी. देवाला जायाचं तरी गाडी. माझा भाऊ चाक सोडून खुर्चीत बसला तो उटलाच न्हाय. मी ते बघितलंय. म्हनून गप बसलो."

 आराखड्याच्या बैठकांत अनुजा ज्येष्ठ नागरिकांविषयी बोलायची, आणि त्या ज्येष्ठ नागरिकांतला एक रोज तिच्यासमोर बसून चहा पीत होता. तिला स्वतःची लाज वाटली. पण लाज वाटून घ्यायला वेळ नव्हता, कारण बाहेर जीप सुरू झाल्याचा आवाज आला.

"लिंबू ठेवायलेत," झुंबरबाई म्हणाल्या आणि भिंतीला धरून उठायला लागल्या.

---

अंगणात आप्पा स्टिअरिंगवर बसले होते आणि मोना शेजारच्या सीटवर. अमरसिंहची ही लेक आठवीतली, दोन वेण्यांची, बोलायला बापासारखी धडक. अनुजाचा सहा वर्षांचा राजवीर लिंबं घेऊन चाकांपाशी फिरत होता. एक लिंबू घरंगळलं म्हणून तो डाव्या बाजूनं पुढच्या चाकासमोर वाकला. अमरसिंह फाटक उघडत होता. विश्वजितची पाठ होती. आप्पांनी क्लच सोडला आणि जीप पुढं सरकली.

अनुजा दारातून ते बघत होती.

"आप्पा, ब्रेक," मोना म्हणाली. "डावीकडं राजवीर."

जीप जागच्या जागी थांबली. चाक आणि राजवीरचा हात यांच्यात लिंबाएवढीच जागा राहिली होती. राजवीर लिंबू उचलून उभा राहिला आणि हसला. अनुजानं धावत जाऊन त्याला ओढलं, इतक्या जोरात की तो रडायला लागला.

अमरसिंहचा चेहरा पांढरा पडला होता, पण जीभ शाबूत होती. "बघितलंस? पाय बघ आप्पांचा. माझा ब्रेक एवढ्या झटक्यात लागला नसता."

अनुजाचं लक्ष आप्पांकडे नव्हतं. ती मोनाकडे बघत होती. पोरगी किंचाळली नव्हती. घाबरलीही नव्हती. भाजीत मीठ टाक म्हणावं इतक्या सवयीच्या आवाजात ती ब्रेक म्हणाली होती.

"मोना, तू आप्पांना रोज असं सांगतेस?"

मोनानं आप्पांकडे पाहिलं. आप्पा समोर बघत होते.

"अनुजा, काय लावलंयस तू?" अमरसिंह पुढं आला. "सणाचा दिवस हाय. अल्लाउद्दीनचाचा न्हाय म्हनून काय गाडी थांबत न्हाय. आप्पा चला, उशीर हुतोय. वाघबीळच्या वळनावर तेवढं दमानं घ्या."

"न्हाय, थांबा," मोना म्हणाली. तिला वाटलं, भांडण आपल्यामुळं लागतंय आणि ते मिटवायचं तर सगळं सरळ सांगून टाकावं. "चाचा नसले तरी मी बसतो की हितं. मला येतंय सांगायला. क्लासला जाताना मीच सांगतो. सिग्नल लाल झाला, उजवीकडनं सायकल, बाई आडवी आली. आप्पा म्हनत्यात, माझं चाचांपेक्षा बरं हाय, चाचा मधीच गाणं म्हनत्यात."

विश्वजितचा रुमाल आरशावर थांबला.

"कवापासनं?" अमरसिंहनं विचारलं. त्याचा आवाज एकदम बारीक झाला होता.

"सातवीत होतो तवापासनं. घरात सांगू नको म्हनले. तुमी क्लास बंद कराल म्हनून मी पण सांगितलं न्हाय."

अमरसिंहला श्रावणातला बंपर आठवला. त्या संध्याकाळी क्लास होता. एरवी क्लास सुटेपर्यंत आप्पा तिथंच थांबत; त्या दिवशी मोनाला सोडून एकटेच परत आले आणि शेजारची सीट मोकळी होती, म्हणून खांब घासला. जाताना ती बसलेली होती, म्हणून काही घासलं नव्हतं. इतके दिवस आपली लेक पुढं बसून रस्ता बघत होती, आणि तिची नजर एकदा हलली असती तर? तो पायरीवर जाऊन बसला. सुनावणीत बोलायचं भाषण त्यानं मनात कितीदा घोकलं होतं. माझे वडील रोज गाडी चालवतात. आता त्यातला एकही शब्द त्याला आठवेना.

---

गुंडू इंगवल्यांना बोलणी ऐकू येत होती. माणसं मात्र डागांसारखी हलत होती. त्यांना जीपच्या आवाजावरून सगळं कळायचं, कुठला नट सैल आहे, कुठं तेल कमी आहे. आपल्या घराचा आवाजही त्यांना तसाच कळत होता. सगळे गप्प होते, म्हणजे सगळ्यांना कळलं होतं.

त्यांना भीती वाटत होती आणि ती आजची नव्हती. आंधळं होण्याची भीती एका वर्षात जुनी झाली होती. खरी भीती होती ती विचारण्याची. अमर, मला पेठेत सोडतोस काय? विश्वा, तुला वेळ हाय काय? अनुजा, तू तिकडंच चाललीयस न्हवं? आयुष्यभर लोक त्यांना विचारत आले होते, गुंडूभाऊ जागा हाय काय, आणि त्यांनी कुणाला नाही म्हटलं नव्हतं. आता विचारणारे ते होणार होते. आणि पोरं नाही म्हणणार नाहीत, फक्त घड्याळात बघतील, हे त्यांना आताच दिसत होतं. त्यासाठी डोळे लागत नव्हते.

पण राजवीरचं रडणं अजून थांबलं नव्हतं. डावीकडून येत होतं. त्या बाजूला त्यांनी डोळे कितीही फिरवले तरी काही नव्हतं, नुसता काळोख होता, आणि त्या काळोखात मघाशी तो पोरगा वाकला होता.

त्यांनी जीप बंद केली आणि खाली उतरले.

"माझ्या गाडीतनं जाऊ, आप्पा," विश्वजित लगेच म्हणाला. "मी नेतो सगळ्यांना."

"न्हाय."

"आप्पा, हट्ट करू नका," अनुजा म्हणाली.  "मी रागावून बोलत नाही."

"तू बोल्लीस ते बरं केलंस. ह्या घरात दुसरं कोन बोल्लं न्हाय. मी पन न्हाय." आप्पांनी धोतराचा सोगा खोचला. "विश्वा, तुजी गाडी झ्याक हाय. पर खंडेनवमीला मी पोरांच्या गाडीत मागं बसून कोडोलीला जानार न्हाय. आज पोरास्नी पन नेत न्हाय. मी वडापनं जातो. ती लाइन माझी हाय. तिथं भाडं देऊन बसलो तर कुनाचे उपकार न्हाईत."

"मी येतो संगट," झुंबरबाई म्हणाल्या आणि कडाकण्या पिशवीत भरायला लागल्या. त्यांच्या चेहऱ्यावरची काळजी गेली नव्हती, पण हात आता भराभर चालत होते.

"वडाप पलीकडच्या बाजूला थांबतंय," अनुजा म्हणाली. "रस्ता ओलांडायला लागतोय."

 मग पायरीवरून अमरसिंह उठला.

"मी पलीकडं सोडतो," तो म्हणाला.

---

कॉलनीच्या तोंडाशी रिंगरोडला लागूनच अमरसिंहचं दुकान होतं. दुकानाला झेंडूची तोरणं होती आणि समोर सणाच्या खरेदीला आलेल्यांच्या गाड्या, एकीला चिकटून एक, काही तर दुहेरी. एरवी ही गर्दी बघून त्याला बरं वाटायचं. शेजारचा टायरवाला गल्ल्यावरून ओरडला, "अमरभाऊ, आप्पांचं भाषन पाठ झालं काय?" अमरसिंहनं ऐकलं नाही असं केलं.

फुटपाथवरही एक गाडी चढवलेली होती, म्हणून तिघांना उतरून रस्त्याच्या कडेनं चालावं लागलं. आप्पांनी मुलाचा दंड धरला होता. त्यांची पकड घट्ट होती. या हातांनी आपल्याला पहिल्यांदा स्टिअरिंग धरायला शिकवलं, कोडोलीच्या माळावर, मांडीवर बसवून. अमरसिंहला रडू येईल असं वाटलं, आणि भर रस्त्यात ते बरं दिसलं नसतं म्हणून त्यानं घसा खाकरला.

रस्त्याच्या पलीकडं वडाप येऊन उभं राहिलं होतं. पोरगा मागं लटकून कोडोली, कोडोली, कोडोली असं ओरडत होता. आप्पांची मान त्या आवाजाकडे वळली. इकडून गाड्या सुसाट येत होत्या. कोण वेग कमी करणार? अमरसिंह स्वतः इथून जाताना करत नव्हता.

"आता तू सांगायचं," आप्पा म्हणाले. "कवा टाकू पाऊल?"

अमरसिंह पुढं झाला आणि उजवीकडं बघायला लागला. दुकानासमोर लागलेल्या गाड्यांच्या पलीकडचं काही दिसत नव्हतं. तो टाचा उंचावून बघायला गेला. मग वाकून काचांतून बघितलं. एक पाऊल पुढं टाकलं तर कानाशी हॉर्न वाजला आणि वारा अंगाला घासून गेला. त्यानं दोन्ही हात पसरून आईबापांना मागं ढकललं. 

"अमर, सांग की रं," आप्पा म्हणाले. "वडाप जाईल."

"थांबा, आप्पा," अमरसिंह म्हणाला. "हितनं मला काय दिसंना."